स्पोर्ट्स कारला नवे टायर घेताना रुंदी नंतर बघा, आधी व्यास जुळवा

टायरबद्दल मला जे फोन येतात त्यातले निम्मे एकाच वाक्याने सुरू होतात, "अरे माझं माप मिळत नाहीये, जवळचं कुठलं चालेल?" आणि वाईट वाटतं ते याचं की बरेचदा फोन येतो तेव्हा टायर बसवून, पैसे देऊन, जुने टायर दुकानातच सोडून माणूस घरी आलेला असतो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला असतो.

माप पटकन मिळत नाही हे खरंच आहे. अशा गाड्यांचे टायर बहुतेक बाहेरून येतात, आणि १२ जून २०२० ला केंद्र सरकारने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली तेव्हापासून विचित्र मापांसाठी थांबावं लागतं. दुकानदाराकडे जे पडलंय ते तो "साहेब, सेम टू सेम बसतं" म्हणून पुढे करतो. म्हणून ही सगळी आकडेमोड दुकानात जायच्या आधी घरी करायची, तिथे काउंटरवर उभं राहून नाही.

उदाहरण म्हणून मी पॉर्शे ७१८ केमन धरतोय, १९ इंची रिमची. पुढे २३५/४० झेडआर १९, मागे २६५/४० झेडआर १९. तुमची गाडी दुसरी असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

टप्पा १: गाडीवरचं माप वाचू नका, गाडीचं माप वाचा

पहिली चूक इथेच होते. आपण खाली वाकून टायरवरचं माप मोबाईलमध्ये फोटो काढून आणतो. पण गाडी सेकंडहॅंड असेल तर आधीच्या मालकाने काय बसवलं होतं कोणाला माहीत! चुकीच्या मापावरून पुढचं माप काढलं की चूक दुप्पट होते.

खरं माप तीन ठिकाणी असतं: ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवर जे स्टिकर असतं तिथे, गाडीच्या पुस्तकात, आणि अधिकृत वर्कशॉपला चासी नंबर दिला की त्यांच्या यादीत. तिन्ही बघा. त्याच कागदावर हे पण उतरवून घ्या:

पुढचं आणि मागचं माप वेगवेगळं, लोड इंडेक्स (टायर किती वजन उचलतो त्याचा आकडा) आणि स्पीडचं अक्षर, हे दोन्ही टप्पा ५ मध्ये सांगतो, हवेचा आकडा, आणि प्रत्येक एक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवर, किती वजन चालतं तो आकडा.

मग रिम बघा. रिमच्या आतल्या बाजूला किंवा स्पोकच्या मागे कोरलेलं असतं, ७१८ च्या १९ इंचीला पुढे ८जे आणि ईटी५७, मागे १०जे आणि ईटी४५. जे म्हणजे रिमची रुंदी इंचात, ईटी म्हणजे ऑफसेट मिलिमीटरमध्ये, रिमच्या मधल्या रेषेपासून ती गाडीला जिथे टेकते तिथपर्यंतचं अंतर. आकडे जुळले नाहीत तर रिमच बदललेली आहे, आणि मग टप्पा ४ तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा.

तपासा: स्टिकरवर एकापेक्षा जास्त मापं छापलेली असतील तर तुमच्या रिमच्या इंचाचीच ओळ धरा. १८ ची हवा १९ ला भरणारे लोक मी बघितलेत.

टप्पा २: व्यास काढा, कॅल्क्युलेटर घेऊन

२३५/४० आर १९ (झेडआर असो की आर, हिशोब तोच) यातला २३५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची, पण मिलिमीटर नाही, रुंदीच्या ४० टक्के. हे विसरलं की सगळं बिघडतं, कारण लोकांना वाटतं ४० म्हणजे ४०, रुंदी वाढवली तरी उंची तेवढीच राहणार. नाही राहत. १९ हा रिमचा व्यास इंचात.

हिशोब असा: २३५ चे ४० टक्के ९४. वर आणि खाली मिळून १८८. रिम १९ गुणिले २५.४ म्हणजे ४८२.६. बेरीज ६७०.६ मिलिमीटर. हा पुढच्या टायरचा व्यास.

मागचा: २६५ चे ४० टक्के १०६, दुप्पट २१२, अधिक ४८२.६, म्हणजे ६९४.६.

आता याच गाडीची कंपनीने दिलेली तिन्ही मापं शेजारी ठेवा, मला ही गोष्ट फार आवडते कारण इथे इंजिनिअर काय सांभाळतायत ते स्वच्छ दिसतं:

१८ इंची, २३५/४५ आणि २६५/४५: पुढे ६६८.७, मागे ६९५.७
१९ इंची, २३५/४० आणि २६५/४०: पुढे ६७०.६, मागे ६९४.६
२० इंची, २३५/३५ आणि २६५/३५: पुढे ६७२.५, मागे ६९३.५

रिम दोन इंचांनी वाढली, साइडवॉल बारीक झाली, पण टायरचा पूर्ण व्यास फार तर ४ मिलिमीटर हलला. रुंदी तर जागची हललीच नाही. कंपनी व्यासाला धरून बसलीये आणि आपण दुकानात जाऊन रुंदीवर घासाघीस करतो.

टप्पा ३: पुढचा-मागचा रेशो काढा

हा टप्पा लोक सोडूनच देतात, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेतो.

मागचा व्यास भागिले पुढचा व्यास. १९ इंचीला ६९४.६ भागिले ६७०.६ म्हणजे साधारण १.०३६. याचा अर्थ सरळ रस्त्यावर पुढची चाकं मागच्यापेक्षा थोडे जास्त फेरे मारणार, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला हे माहीत आहे. एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, स्टॅबिलिटी कंट्रोल ही सगळी यंत्रणा चारही चाकांच्या फेऱ्यांची तुलना करत असते. मागचं चाक अपेक्षेपेक्षा जोरात फिरलं की तिला वाटतं मागचे टायर घसरतायत.

माझ्या एका मित्राने नेमकं हेच केलं. मागे २६५/४० मिळत नव्हतं म्हणून २७५/३५ आर १९ घातलं, दुकानदार म्हणाला "दहा एमएम रुंद आहे, ग्रिप वाढेल". हिशोब करा: २७५ चे ३५ टक्के ९६.२५, दुप्पट १९२.५, अधिक ४८२.६, म्हणजे ६७५.१. मागचा व्यास १९.५ मिलिमीटरने कमी झाला आणि रेशो १.०३६ वरून १.००७ वर आला. मी बाजूच्या सीटवर बसलो होतो, एक लांब उजवं वळण, वेग जेमतेम ६०, रस्ता कोरडा, आणि स्टॅबिलिटीचा दिवा लुकलुकायला लागला आणि गाडी मध्येच दम खाल्ल्यासारखी झाली. टायर घसरत नव्हते, गाडीला तसं वाटत होतं. शिवाय गाडीची मागची उंची त्या फरकाच्या निम्म्याने म्हणजे जवळजवळ १० मिलिमीटर उतरली, त्यामुळे सोसायटीच्या ज्या स्पीडब्रेकरवरून गाडी तिरकी घातली की पार व्हायची तिथे आता खालून घासल्याचा आवाज यायला लागला. दोन्ही टायर जवळजवळ नवे असताना बदलावे लागले.

ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत हा प्रकार दिव्यावर थांबत नाही, ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागातला) क्लच सतत ताणात राहून गरम होतो आणि तिथलं बिल टायरच्या बिलापेक्षा कितीतरी मोठं असतं. आणि मागचं चाक नेहमी मोठंच असतं असं पण समजू नका. निसान जीटीआर आर३५ ला पुढे २५५/४० आर २० आणि मागे २८५/३५ आर २०. व्यास काढा, पुढे ७१२, मागे ७०७.५. मागचं रुंद आहे पण चार-साडेचार मिलिमीटर लहान आहे! नुसतं डोळ्याने बघून कोणाला सांगता येणार नाही.

मी स्वतः पाळतो ती मर्यादा: मूळ व्यासापासून दीड टक्क्याच्या आत, आणि रेशो मूळ रेशोच्या अर्ध्या टक्क्याच्या आत. ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर रेशोला हात लावू नका, कंपनीच्या यादीतलंच माप घ्या.

इथे थांबा: फक्त मागचे दोन बदलायचा विचार असेल तर पुढचे किती झिजलेत ते आधी मोजा. नव्याला ८ मिलिमीटर नक्षी आणि जुन्याला २ उरली असेल तर फरक ६, पण तो व्यासात दोन्हीकडून येतो म्हणजे १२ मिलिमीटर. माप तंतोतंत बरोबर असून रेशो बिघडू शकतो तो असा. मागच्या चाकांवर चालणारी गाडी हे बऱ्यापैकी चालवून घेते, ऑल व्हील ड्राइव्हला चारही एकदम बदललेले बरे.

टप्पा ४: मूळ माप मिळालंच नाही तर

आधी थांबून बघा, ऑर्डर देऊन महिनाभर वाट बघणं हा पण एक पर्याय आहे आणि तो सगळ्यात स्वस्त पडतो. दुसरा पर्याय, कंपनीनेच मान्य केलेल्या दुसऱ्या इंचाच्या रिम घेणे. खड्ड्यांच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्याला मी २० वरून १९ किंवा १८ वर यायला सांगतो, ३५ च्या साइडवॉलला फुगा यायला एक धारदार खड्डा पुरतो आणि सोबत रिम पण वाकते. फक्त ब्रेकचा कॅलिपर छोट्या रिममध्ये मावतो का ते तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी विचारून घ्या, वरच्या मॉडेलचे ब्रेक मोठे असतात.

तिसरा पर्याय, दोन्ही एक्सलचं माप एकत्र बदलणे. ७१८ ला पुढे २४५/४० आणि मागे २७५/४०, दोन्ही १९. व्यास होतो ६७८.६ आणि ७०२.६, म्हणजे दोन्ही साधारण १.२ टक्क्याने वाढले आणि रेशो १.०३५, जागच्या जागी. फक्त मागचं बदललं असतं तर हे जमलं नसतं. पण कागदावर जमलं म्हणजे गाडीत जमलं असं नाही, पुढच्या तीन गोष्टी बघाव्याच लागतात.

पहिली, रिमची रुंदी. प्रत्येक टायरला कुठल्या रुंदीपासून कुठल्या रुंदीपर्यंतची रिम चालते हे टायर कंपनीच्या तक्त्यात असतं. २४५/४० ला ८ इंच रिम चालते पण ती खालची हद्द आहे, म्हणजे साइडवॉल बाहेर फुगलेली राहणार आणि स्टिअरिंगचा तो चटकन मिळणारा प्रतिसाद थोडा मऊ होणार. स्पोर्ट्स कार ज्यासाठी घेतली तेच कमी झालं तर काय उपयोग. म्हणून हा पर्याय मी शेवटी ठेवतो.

दुसरी, जागा. रुंदी १० ने वाढली की ५ मिलिमीटर आत आणि ५ बाहेर. आत शॉकअब्सॉर्बर आहे, बाहेर मडगार्डची कड आहे. माझी घरगुती पद्धत सांगतो, मळलेल्या कणकेचे लिंबाएवढे गोळे करून चाकाच्या कमानीत आतून तीन ठिकाणी चिकटवायचे, जुन्या टायरवरच, मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायचं आणि दोघांना बसवून गाडी एका स्पीडब्रेकरवरून हळू, तिरकी न्यायची. उतरून गोळे बघा. जिथे कणीक दाबली गेली तिथे सगळ्यात पातळ जागी काडी खुपसून जाडी मोजा. नव्या मापाने त्यातून जेवढी जागा खाल्ली जाणार ती वजा केल्यावर ५ मिलिमीटर पण उरत नसेल तर ते माप सोडून द्या.

तिसरी, स्पीडोमीटर. गाडीचा काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवेल असा ठेवलेला असतो, कमी दाखवून चालत नाही. व्यास वाढवला की ही शिल्लक खाल्ली जाते. १.२ टक्के म्हणजे १२० ला दीड किलोमीटरच्या आत, समृद्धीवर जिथे मर्यादाच १२० आहे तिथे लक्षात ठेवा.

आणि माप बदलणार असाल तर बिलावर नवं माप नीट लिहून घ्या आणि विमा कंपनीला ईमेल करून कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरने टायर बघून विचारण्यापेक्षा हे सोपं आहे.

टप्पा ५: मापाच्या पुढचे आकडे

२६५/४० झेडआर १९ च्या पुढे ९८ वाय असं असतं. ९८ म्हणजे एका टायरवर ७५० किलो. पुढच्याचा ९२ म्हणजे ६३० किलो. स्टिकरवरचं एक्सलचं वजन भागिले दोन करा आणि टायरचा आकडा त्याच्या वर पाहिजे, पण सोपा नियम म्हणजे मूळ लोड इंडेक्सच्या खाली कधीच जायचं नाही.

वर गेलेलं चालतं, एक्सएल लिहिलेला (जास्त वजनासाठी मजबूत केलेला) टायर चालतो, पण त्यात एक गोम आहे. एक्सएल टायर त्याचं जास्तीचं वजन २.९ बारला उचलतो, साधा टायर त्याचं पूर्ण वजन २.५ बारलाच. म्हणून साध्याच्या जागी एक्सएल घातला की हवा किती ठेवायची ते टायर कंपनीच्या लोड तक्त्यावरून पडताळा, आकडा मोठा आहे म्हणून हवा कमी ठेवली तरी चालेल असं नाही.

स्पीडचं अक्षर, ताशी किलोमीटरमध्ये: व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. "आपण कुठे ३०० ने जातो" म्हणून व्ही घेणारे आहेत. ते अक्षर टायर उष्णता किती सहन करतो याचं माप आहे, आणि मे महिन्यात भर दुपारी तापलेल्या काँक्रीटवर तीन तास सलग चालवल्यावर ती सहनशक्ती लागते. स्टिकरवर छापलंय त्यापेक्षा कमी वेगाचं अक्षर घेऊ नका.

मग गाडीच्या कंपनीची खूण, म्हणजे हा टायर त्यांनी स्वतःच्या गाडीसाठी मान्य केलाय याची. पॉर्शेसाठी एन० किंवा एन१ वगैरे, बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ. एकाच मॉडेलचा, एकाच मापाचा टायर खुणेसहित आणि खुणेशिवाय, आतल्या बांधणीत वेगळा असू शकतो. खुणेशिवायचा घेतला तर गाडी चालत नाही असं अजिबात नाही, पण चारही एकाच प्रकारचे पाहिजेत. पुढे एन आणि मागे साधा, किंवा पुढे एक ब्रँड आणि मागे दुसरा, हे पावसात पहिल्या जोरदार ब्रेकला कळतं. रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) आणि साधे पण मिसळायचे नाहीत.

टप्पा ६: पैसे द्यायच्या आधी दुकानात

टायर रिमवर चढवायच्या आधी चारही जमिनीवर आडवे ठेवून घ्या आणि स्वतः वाचा. दुकानात घाई असते, तरी वाचा.

बनल्याची तारीख साइडवॉलवर लंबगोलात चार आकड्यात असते. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. ही तारीख एकाच बाजूला असते, ती बाजू भिंतीकडे असेल तर टायर फिरवायला लावा. दोन वर्षांपेक्षा जुना मी घेत नाही, आणि एका एक्सलवरच्या दोघांत काही आठवड्यांपेक्षा जास्त अंतर नको. आयएसआयची खूण आहे का बघा, भारतात विकायच्या कारच्या टायरला ती लागते. नसेल तर तो टायर कुठून आला ते विचारायला पाहिजे आणि पक्कं बिल नसेल तर उठून या.

तपासा: पुढचे दोन, मागचे दोन, माप, इंडेक्स, अक्षर, खूण, तारीख. कागदाशी एक पण गोष्ट जुळली नाही तर रिमवर चढवू देऊ नका, एकदा चढवलेला टायर परत घेत नाहीत.

टप्पा ७: बसवताना

बहुतेक स्पोर्ट्स टायरवर आउटसाइड आणि इनसाइड लिहिलेलं असतं, आउटसाइड बाहेर दिसलंच पाहिजे. काहींवर बाण असतो, तो गाडी पुढे जाताना फिरायच्या दिशेने. पुढची-मागची मापं वेगळी असल्याने पाच हजार किलोमीटरला पुढचे मागे करायची साध्या गाडीची सवय इथे चालत नाही.

७१८ ला चाकं बोल्टने बसतात, नट नाहीत. बोल्ट काढला की चाक लोंबायला काही उरत नाही, ते सरकून ब्रेकच्या डिस्कवर आपटतं. गाडीसोबत मिळालेली गाईड पिन लावायला सांगा. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, ७१८ ला १६० न्यूटन-मीटर, हवेच्या गनने नाही. टिकटिक आवाज स्वतः ऐका.

बॅलन्सिंग चारही चाकांचं आणि अलाइनमेंट त्याच दिवशी.

हवा गाडी थंड असताना, स्टिकरच्या आकड्याने. दुकानापर्यंत चालवत आणलेली गाडी थंड नसते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी घरीच परत मोजा. नायट्रोजन भरा नाहीतर साधी हवा, मापाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

मग डिस्प्लेच्या मेनूत जाऊन टायर प्रेशरमध्ये टायरचा प्रकार आणि इंच परत निवडा. हे राहून जातं आणि मग दोन दिवस "हवा कमी" ची वॉर्निंग येत राहते, माणूस दुकानदाराशी भांडतो आणि टायर मात्र ठीक असतात.

टप्पा ८: पहिले हजार किलोमीटर

पहिले २०० किलोमीटर हळू. नव्या रबरावर वरचा गुळगुळीत थर असतो, तो घासून जाईपर्यंत पूर्ण पकड येत नाही, आणि नेमकं याच वेळी लोकांना नवे टायर "बघायचे" असतात. घाटात तर नकोच.

५० किलोमीटरनंतर बोल्ट परत टॉर्क रेंचने तपासा.

मोकळ्या सरळ रस्त्यावर ८० ला बघा, कुठला दिवा लुकलुकतो का. मग लांब वळणावर तेवढ्याच शांत वेगाने. दिवा आला तर टप्पा ३ चा हिशोब परत काढा, सेन्सर बदलून घ्यायच्या आधी.

हजार किलोमीटर झाले की गाडी लिफ्टवर घ्या आणि टायरच्या आतल्या कडेवरून, जी उभ्याने कधीच दिसत नाही, तिच्यावरून तळहात फिरवा, आधी एका दिशेने मग उलट्या. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट चुकलंय, आजच परत करून घ्या. कमानीच्या आतल्या प्लॅस्टिकवर टॉर्च मारून चकचकीत घासलेला पट्टा आहे का ते बघा. असेल तर तिथे टायर लागतोय, आणि तो पट्टा पूर्ण वळवल्यावर लागणाऱ्या जागी आहे की खड्ड्यात दबल्यावर लागणाऱ्या, हे त्याच्या जागेवरून तुम्हाला लिफ्टखाली उभं राहूनच कळेल.